मंठाळची येळवस आणि दहा मार्कर

मंडळाच्या सहलीत पेंटबॉल खेळलेल्या मुलांना आठवत असेल, आपल्या अर्ध्या बंदुका दुसऱ्या डावातच रुसल्या होत्या. "काका, माझी डावीकडेच मारते," अशी तक्रार घेऊन किमान चार जण माझ्याकडे आले, कारण मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. मला तरी काय कळत होते? माझ्या हातातल्या बंदुकीत तीन गोळ्या नळीतच फुटल्या आणि निळा रंग माझ्याच बुटांवर आला. त्याचे फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकले आणि विसरून गेलो.

चार दिवसांनी मंठाळहून चुलत भावाचा फोन आला.

"दादा, ते मारायचं यंत्र कितीला येतंय?"

मला वाटले पोरांसाठी विचारतोय. पण त्याच्या डोक्यात वेगळेच होते. रस्त्याला लागून आमचा एक मुरमाड माळ आहे, तिथे तूरसुद्धा धड येत नाही. बसवकल्याणला बारा महिने बाहेरची माणसे येतात. माळावर जाळ्या ठोकायच्या, आडोसे करायचे आणि पेंटबॉलचे मैदान चालवायचे, असा त्याचा बेत होता. यंदाच्या तुरीचे पैसे त्याने बाजूला काढले होते. दहा यंत्रे घ्यायची होती. "कुठलं घ्यायचं ते तू बघ. तू इंजिनेर हाईस," म्हणाला. आमच्या घरात बीई झालेल्या माणसाला मिक्सरपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळे येते अशी समजूत आहे आणि ती खोटी आहे हे मी पंधरा वर्षांत कुणाला पटवू शकलेलो नाही.

एकच अडचण होती. जमीन अप्पांच्या, म्हणजे त्याच्या वडिलांच्या नावावर. महाराष्ट्रात सातबारा म्हणतात तशी आमच्याकडे पहाणी असते. पहाणीवर अप्पांचे नाव आणि अप्पा काहीच बोलत नव्हते. हो म्हणत नव्हते, नाही म्हणत नव्हते. "येळवशीला ये, मग बघू," एवढेच.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. पुण्या-मुंबईकडच्या मंडळींना हा सण माहीत नसतो. लातूर, धाराशिव, बिदर, कलबुर्गी या पट्ट्यात मार्गशीर्षाच्या अमावस्येला गाव रिकामे होते आणि सगळे शेतात जेवायला जातात. १९५६ साली राज्यांची फेरमांडणी झाली तेव्हा जुन्या बिदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके तिकडे मुंबई राज्यात गेले, बाकीचे बहुतेक इकडे म्हैसूर राज्यात आले. भज्जी आणि आंबील मात्र दोन्हीकडे सारखीच राहिली. आमच्या घरात मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दोन्हीची मिसळ आणि वर दख्खनी उर्दूची फोडणी. बसवरची पाटी वाचता येत नाही म्हणून बंगळूरमध्ये वाढलेली माझी मुलगी मला हसते, कारण तिला ती वाचता येते.

अमावस्या यंदा जानेवारीत आली होती. मी रात्रीच्या गाडीने निघून सकाळी कलबुर्गीला उतरलो. भाऊ गाडी घेऊन आला होता. माझ्या दोन पिशव्यांत तीन मार्कर होते, हैदराबादच्या एका खेळाडू मित्राने आठवडाभरासाठी उसने दिलेले. गोळ्यांची पेटीही होती आणि वेग मोजायचा हातात मावणारा क्रोनोग्राफ.

इथे एक शब्द सांगून ठेवतो. या खेळात बंदूक म्हणत नाहीत, मार्कर म्हणतात. त्यात नुसती सभ्यता नाही. अमेरिकेत जंगलातल्या तोडायच्या झाडांवर आणि गुरांवर लांबून रंगाची खूण करायला नेल्सन नावाची रंगाची कंपनी हे पिस्तूल विकत असे. २७ जून १९८१ रोजी न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकर गावाजवळच्या रानात बारा मित्र तेच पिस्तूल घेऊन एकमेकांवर सुटले आणि पहिला डाव झाला. गंमत म्हणजे तो डाव ज्याने जिंकला त्याने एकही गोळी झाडली नव्हती. तो लाकूडतोडीच्या धंद्यातला माणूस होता, रानातून गपचूप चालत गेला आणि झेंडे गोळा करून आला. मार्कर निवडण्यावर लिहिणाऱ्याने ही गोष्ट आधी सांगून टाकलेली बरी.

कलबुर्गीत उतरलोच होतो तर किल्ला बघून पुढे जायचे ठरले. बहमनींचा हा किल्ला शहराच्या मधोमध आहे, आत वस्तीही आहे. तिथे बारा गजी तोफ आहे, २९ फूट लांब. भावाने तिच्यावर हात ठेवला आणि पहिलाच प्रश्न केला, "एवढी लांब म्हणजे नेम पक्का असेल न्हाई?"

हाच प्रश्न मीही मार्करबद्दल केला होता आणि हैदराबादचा मित्र हसला होता. लांब नळीने नेम सुधारतो ही समजूत तोफांइतकीच जुनी असावी. नळीत गोळ्याला ढकलायला दाब जास्त वेळ मिळतो, एवढाच लांबीचा फायदा. पेंटबॉलमध्ये तेवढा दाब १२-१४ इंचांत संपतो, पुढची नळी फक्त घासते.

तोफेचा नेम खरा बिघडायचा तो गोळा आणि नळी यांच्यातल्या फटीमुळे. दख्खनच्या किल्ल्यांवरच्या कित्येक लांब तोफा ओतलेल्या नाहीत. लोखंडाच्या लांब पट्ट्या गोल उभ्या करायच्या आणि त्यांच्यावर तापवलेली कडी चढवायची. गार होताना कडे आवळते आणि पट्ट्या घट्ट बसतात. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसवतात त्यातलाच प्रकार. लाकडी पिंपही असेच करतात, इंग्रजीत पिंपालाही बॅरल आणि नळीलाही बॅरल म्हणतात ते त्यामुळेच. याउलट विजापूरची मलिक-ए-मैदान १५४९ साली अहमदनगरला काशासारख्या धातूची ओतलेली. ती पुढे परांड्याच्या किल्ल्यावर होती आणि तिथून १६३२ मध्ये विजापूरला नेली. कशीही केली तरी नळी आतून तंतोतंत गोल नसायची, गोळेही एकसारखे नसायचे. गोळा अडकून तोफच फुटू नये म्हणून तो मुद्दाम थोडा लहान ठेवायचे. मग तो नळीत इकडेतिकडे आपटत जाणार आणि शेवटी ज्या बाजूला टेकेल त्याच्या उलट बाजूला उडणार. एकाच तोफेचे लागोपाठचे दोन गोळे दोन ठिकाणी पडायचे ते याच कारणाने.

हे मी भावाला सांगत होतो तेव्हा आमची गाडी बाहेर उन्हात उभी होती आणि डिकीत गोळ्यांची पेटी होती. ते लक्षात ठेवा.

कमलापूरला रस्त्यावर लाल केळी घेतली. आमच्याकडे कुणी गावाला निघाले की ही केळी आणायची ठरलेलीच. हुमनाबादला माणिकनगरला बाहेरूनच हात जोडले आणि सोलापूरच्या हमरस्त्याला लागलो. सस्तापूर बंगल्याला वळलो की बसवकल्याण. हे गाव आधी चालुक्यांचे कल्याण होते. तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात इथे राहून 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ केला. राजाने करमणूक कशी करावी याचे त्यात वीस प्रकार आहेत आणि पहिलाच शस्त्रविनोद, म्हणजे शस्त्रांचे खेळ. त्याच ग्रंथात महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात असाही उल्लेख आहे. भावाला मी म्हटले, "तुझ्या मैदानाला नऊशे वर्षांचा आधार हाय." तो म्हणाला, "अप्पाला सांग की मग."

मंठाळला पोचलो तेव्हा काकू उंडे वळत होत्या. दुसऱ्या दिवशीची तयारी. बाजरीचे उंडे, भज्जीसाठी सोललेल्या ढीगभर शेंगा, ओले हरभरे, तुरीचे दाणे, चाकवत, मेथी. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हे हे प्रत्येक वेळी सांगावे लागते. रानात मिळेल त्या भाज्या आणि ओल्या डाळी शिजवून ताक-बेसनात घाटलेला हा पदार्थ येळवशीशिवाय एरवी कुणी करत नाही, आणि केला तरी ती चव येत नाही.

दुपारी आम्ही माळावर गेलो. बांधाला एक शहाबादी फरशी टेकवली, मागे मुरमाचा ढीग. टेपने २५ मीटर मोजले. मार्कर माणसाने धरला तर माणसाचा हात मोजला जातो, म्हणून वेल्डिंगवाल्याकडून व्हाइस आणून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बसवला आणि मार्कर त्यात आवळला. अप्पा बांधावर बसून बघत होते. त्यांना डाव्या डोळ्याने दिसत नाही, त्यामुळे ते जरा तिरके बसतात.

पहिला मार्कर इलेक्ट्रॉनिक. बॅटरीवर चालतो, गोळी जागेवर बसली का हे आतला सेन्सर बघतो, ट्रिगर बोटाच्या नखाने दाबला तरी चालतो. किंमत ऐकून भाऊ गप्प झाला होता. दुसरा जुना टिपमन ९८, नावाप्रमाणे १९९८ साली आलेला, पूर्ण यांत्रिक. आत स्प्रिंग आणि हातोडा. एक गोळी सुटली की त्याच गॅसच्या धक्क्याने हातोडा परत मागे जातो. बाहेरच्या देशांत भाड्याच्या मैदानांवर हीच जात सगळ्यात जास्त दिसते. तिसरा स्वस्तातला. त्याचे नाव लिहीत नाही.

इलेक्ट्रॉनिकने दहा गोळ्या मारल्या. चार नळीतच फुटल्या. उरलेल्या सहापैकी दोन फरशीला लागल्या, बाकीच्या बांधाच्या दोन्ही बाजूंना. नळीत एकदा रंग सांडला की पुढची गोळी चिखलात घसरलेल्या मोटारसायकलसारखी कुठेही जाते. टिपमनने दोन फोडल्या. स्वस्तातल्याने एकही फोडली नाही, पण फरशीलाही एकच लावली. मी लॅपटॉप काढून तक्ता भरायला लागलो. पंधरा मिनिटांत निष्कर्षही काढला: महागडा मार्कर नाजूक आहे, घेऊ नये. नोकरीतही मी अशीच घाई करतो आणि टेस्टिंगवाल्यांच्या शिव्या खातो.

अप्पा उठून आले. पेटीत हात घालून त्यांनी मूठभर गोळ्या काढल्या, तळव्यावर घोळवल्या, एक एक बोटात फिरवून बघितली.

"हे सगळे एकसारखे हाईत का?"

"कारखान्यातले हाईत अप्पा. पॉइंट सिक्स्टी एट. सतरा मिलिमीटरच्या वर थोडं."

"ही बघ. ही चपटी हाय. हिला खळी पडल्याय." त्यांनी तळव्यावर सात गोळ्या ठेवल्या आणि तीन बाजूला काढल्या. मला सगळ्या सारख्याच दिसत होत्या.

अप्पांनी आयुष्यभर ज्वारी राखलीय. कणसात दूध भरले की पाखरांचे थवे उतरतात, मग माळ्यावर उभे राहून गोफण फिरवायची. मी लहानपणी बघितलेय, ते सकाळी ओढ्यावर जायचे आणि दगड वेचायचे. अंड्याएवढे, गुळगुळीत, एका वजनाचे. टोकदार दगड ते कधी घेत नसत. चुकीचा दगड घेतला तर, "गोफण काय करंल?" असे म्हणायचे. गोफण म्हणजे दोन दोऱ्या आणि मध्ये एक पाळणा, बिघडण्यासारखे त्यात काही नसतेच. त्यामुळे नेम चुकला तर दोष दगडाचा नाहीतर हाताचा, हे त्यांना पक्के ठाऊक.

हैदराबादच्या मित्राला फोन लावला. तो म्हणाला, "गोळ्या कुठे ठेवल्या होत्या?" मी म्हटले, "डिकीत." तो बराच वेळ काही बोलला नाही.

गोळीचे कवच जिलेटिनचे असते, औषधाच्या कॅप्सूलसारखे. आत पॉलिएथिलीन ग्लायकोल आणि रंग. ऊन लागले की मऊ पडते, दमट हवेत फुगते, थंडीत ठिसूळ होते, एका कुशीवर पडून राहिली की तळ चपटा होतो. म्हणून खोलीच्या थंडाव्यात ठेवायची आणि पेटी अधूनमधून उलटायची. त्याने एक सोपी कसोटी सांगितली. नळी काढून हातात धरायची आणि मागून गोळी घालायची. आपोआप घरंगळून पुढून पडली तर नळी सैल. बोटाने ढकलावी लागली तर घट्ट. अडकून बसली आणि तोंडाने फुंकल्यावर निघाली तर बरोबर. इलेक्ट्रॉनिकची नळी बारीक छिद्राची होती आणि आमच्या गोळ्या उन्हात फुगलेल्या. ती फुटणारच होती, तिचा बिचारीचा काही दोष नव्हता.

संध्याकाळी अंगणात अप्पा, मी आणि भावाची दोन पोरे गोळ्या निवडत बसलो. काकू म्हणाल्या, शेंगा निवडायला बोलावलं की एकजण येत न्हाई.

दुसऱ्या दिवशी येळवस. पहाटे पाचालाच मी आणि भाऊ माळावर गेलो, पूजेच्या आत एक फेरी उरकावी म्हणून. थंडी अशी की बोटे वळत नव्हती. या वेळी निवडलेल्या गोळ्या आणि कार्बन डायऑक्साइडची बाटली. टिपमनचा पहिला बार २८० फूट सेकंदाला. मैदानांवर ३००च्या वर जाऊ देत नाहीत, त्यामुळे हे छान होते. भावाने भराभरा मारायला सुरुवात केली आणि आकडे खाली यायला लागले. २७१, २५८, २४४, २३५. बाटलीवर पांढरे दहिवर जमले. शेवटच्या गोळ्या फरशीच्या पायथ्याशी पडत होत्या.

याला मार्कर जबाबदार नव्हता. बाटलीत कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात असतो आणि त्याची वाफ आपल्याला दाब देते. वाफ व्हायला उष्णता लागते, ती बाटलीतूनच घेतली जाते, बाटली गारठते, दाब पडतो. २० अंशांना जो दाब साधारण ५७ बार असतो तो १० अंशांना ४५ वर येतो. उन्हाळ्यात उलटे. ३१ अंशांच्या वर तर हा वायू द्रवरूपात राहूच शकत नाही आणि आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. म्हणजे सकाळी एक बंदूक आणि दुपारी दुसरी. गणित करून बघितले. हवेचा अडसर सोडून दिला तरी २५ मीटरवर सेकंदाला ८५ मीटरने सुटलेली गोळी ४२ सेंटिमीटर खाली येते, ७५ मीटरने सुटलेली ५४. नेम धरणाऱ्याने काही चूक न करता १२ सेंटिमीटरचा फरक.

मग मित्राने दिलेली दाबलेल्या हवेची टाकी लावली. तिच्यात नुसती हवा, ३००० पीएसआयला भरलेली, तोंडावर दाब बांधून देणारा रेग्युलेटर. टिपमनचे दहा आकडे २७२ ते २८३च्या आत आले. इलेक्ट्रॉनिकचे २७७ ते २८१. स्वस्तातल्याचे २४८ ते २९१, म्हणजे त्याला हवाही सुधारू शकली नाही. फरशीवर इलेक्ट्रॉनिकचे डाग ताटाएवढ्या जागेत आले, टिपमनचे भाकरीच्या तव्याएवढ्या. धावणाऱ्या, धापा टाकणाऱ्या, पहिल्यांदाच हातात मार्कर धरलेल्या माणसाला ताट आणि तवा यांतला फरक कळणार नाही. तिसऱ्याचे डाग मोजायला फरशीच पुरली नाही.

निवड इथेच झाली असे मला वाटले होते. पण भावाने घरी येऊन टिपमन उघडला. अॅलन की घेऊन, माझी वाट न बघता, फवारणीचा पंप उघडतो तसा. सगळे सुटे भाग परातीत मांडले, साफ केले आणि चाळीस मिनिटांत जोडला. एक ओ-रिंग झिजली होती. त्याने फवारणी पंपाच्या दुकानातून आणलेली त्याच मापाची घरात होती, ती बसवली. कार्बन डायऑक्साइडवर ती थोड्या वेळात फुगली, कारण साधे काळे रबर हा वायू शोषते. तिथे पॉलियुरेथेनचीच लागते. पण चूक काय झाली हे त्याला उघडून दिसले. इलेक्ट्रॉनिकचे झाकण त्याने काढले, आतली हिरवी पट्टी बघितली आणि परत लावले. "हे बिघडलं तर मी तुला फोन करणार आन तू कुणाला करणार?" मी बीई असूनही याला उत्तर नव्हते. माझ्या शहरात विश्वासाची वस्तू म्हणजे कधीच न बिघडणारी. मंठाळमध्ये बिघडली तर दुपारपर्यंत चालू होणारी.

अकरा वाजता सगळे शेतात. कडब्याची कोप उभी केलेली, आत पाच पांडवांचे खडे मांडलेले. पूजा झाली, आंबील शिंपडत शेताला फेरी झाली, मग पंगत. भज्जी, उंडे, गव्हाची खीर, तिळाची पोळी आणि मातीच्या मोग्यातली गार आंबील. आंबील प्याली की झोप येते, येळवशीला रानात आडवे झालेले लोक बघितले की समजते.

पोरे झोपली नव्हती. त्यांनी मास्क चढवले आणि माळावर पळाली, आम्ही मागे. भावाने रिकाम्या हाताने नुसते कसे दडायचे ते दाखवले, मग मार्कर दिला. दहा मिनिटांत धाकट्याने घाम पुसायला मास्क कपाळावर सरकवला. समोरच्याच्या हातात मार्कर होता, बोट ट्रिगरवर. भाऊ ओरडला, मी धावलो. झाले काहीच नाही. पण अप्पा आलेले होते आणि त्यांनी ते बघितले.

तेव्हा ते बोलले. फार नाही. ते दहा-अकरा वर्षांचे असताना ज्वारीच्या राखणीला दोघे जण होते. सोबत्याने होल्यावर गलोल मारली, अप्पा मध्ये उठून उभे राहिले. "त्याचा नेम चांगला हुता," म्हणाले. सोबती पुढे गाव सोडून गेला, त्याला ते सहन झाले नाही. अप्पा सही का करत नव्हते ते आम्हाला तेव्हा कळले. भाऊ त्यांच्या घरात जन्मला, वाढला, आणि त्याला डोळ्याचे कारण देवी आली होती असे सांगितलेले होते.

मी त्यांना जे माहीत होते ते सांगितले. तीन ग्रॅमची गोळी, सेकंदाला नव्वद मीटर, म्हणजे बारा ज्यूल. अंगावर काळानिळा डाग उठतो, डोळ्याला मात्र ही गोळी गलोलीच्या खड्याइतकीच वाईट. म्हणून मास्क वेगळा असतो. मोटारसायकलचा गॉगल किंवा वेल्डिंगचा चष्मा चालत नाही. पॉलिकार्बोनेटची काच, कान झाकणारा, आणि त्याला एएसटीएम एफ १७७६ असे मानक आहे. दुहेरी काच घ्यायची, कारण एकेरी काचेवर वाफ धरते आणि वाफ धरली की माणूस मास्क वर करतो. धाकट्याच्या मास्कची काच एकेरीच होती.

अप्पांना आकडे नको होते. त्यांनी कोपीतून एक जुने बिनकामाचे मडके आणले, दगडावर ठेवले. पाच मीटरवरून भावाने मारले. मडक्याला वरपासून खालपर्यंत तडा गेला. मग त्यांनी दुसरे आणले आणि त्याला स्वतः मास्क बांधला, पट्टा ओढून बघितला. सहा गोळ्या मारल्या. काच सगळी केशरी झाली. अप्पांनी मास्क सोडला, मडके उचलले, बोटाने वाजवून बघितले, कानाजवळ धरून परत वाजवले.

"ह्याचे किती घेणार हाईस?"

"दहा," भाऊ म्हणाला.

"वीस घे. यंत्रं कमी घे."

रात्री हिशेब मांडला. हवा भरायचा कॉम्प्रेसर हाच सगळ्यात मोठा खर्च निघाला, मार्करांच्या एकूण किमतीपेक्षाही जड. हवेच्या टाक्या गॅस सिलिंडर नियम २०१६ मध्ये बसतात का, हे नागपूरच्या पेसो कार्यालयाच्या नियमांप्रमाणे तपासून घ्यायचे. पोलीस ठाण्यात अर्ज द्यायचा. गोळ्यांसाठी घरातली उत्तरेची थंड खोली, जिथे काकू लोणचे ठेवतात. लोणचे कुठे हलवायचे यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. यांत्रिक मार्कर सहा, एकाच जातीचे, म्हणजे एकाचे सुटे भाग दुसऱ्याला चालतील. दुहेरी काचेचे मास्क वीस. बाकीचे मार्कर पुढच्या तुरीवर.

निघताना मी एक वस्तू पाठवायचे कबूल केले आणि बंगळूरला आल्यावर पीण्यातल्या एका टर्नरकडून ती करून घेतली. पितळेची पट्टी, तिला पाच छिद्रे, .६८० इंचापासून .६८८ पर्यंत दोन-दोन सहस्रांश इंचांनी वाढत जाणारी. गोळी ज्या छिद्रातून पडत नाही पण फुंकल्यावर निघते ते तिचे माप. टर्नरने विचारले कशासाठी, मी म्हटले काकांना गोळ्या निवडायच्यात. त्याला वाटले औषधाच्या.

माळाची पहाणी अप्पांच्याच नावावर आहे, पण जाळ्यांचे खांब रोवून झालेत. मास्क आले, मार्कर अजून वाटेत आहेत. गोळ्यांची पहिली पेटी, दोन हजारांची, मागच्या आठवड्यात पोचली. काल रात्री भावाचा फोन होता. अप्पांनी तीन दिवस बसून पेटी चाळली आणि सदतीस गोळ्या बाजूला काढल्या. त्यातल्या तीस पट्टीने काढल्या असत्या. उरलेल्या सात पट्टीतून बरोबर पडतात, तरी अप्पा घ्यायला तयार नाहीत, आणि का ते सांगतही नाहीत.